बारावीनंतर नाट्यशास्त्राची पदवी: शिकवतात काय, आणि पुढे चालतं कशावर?

गोदाकाठची_आई

नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावीला आहे, कला शाखेत. शाळेपासून बालनाट्य स्पर्धा, गणपतीतली नाटुकली, गॅदरिंगमधल्या एकांकिका असं सगळं तिने केलंय. आता नाटकाचंच रीतसर शिक्षण घ्यायचं म्हणते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे एसटीत आहेत. आमचा विरोध नाही, पण दोन्ही घरांत या वाटेने कुणी गेलेलं नाही. विचारावं असं जवळ कुणी नाही. नातेवाईक म्हणतात, हौस म्हणून करू द्या, त्यात डिग्री कशाला घालवता.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्यात. विद्यापीठात नाटक शिकवतात म्हणजे तीन वर्षं नेमकं काय करून घेतात? परभणीहून जाण्यासारखे विभाग कुठले? आणि पदवी हातात आल्यावर तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी या मुलांचं घर कशावर चालतं? ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती. 'नशिबाचा भाग असतो' हे बऱ्याच जणांनी सांगून झालंय.

तिसरी_घंटा

ताई, माझं मत स्पष्ट लिहितो. मुलीला पुण्यात चांगल्या कॉलेजात बी.कॉम., बी.एससी., जे जमेल त्याला घाला आणि तिथल्या नाटकाच्या ग्रुपमध्ये जाऊ द्या. मी तसंच केलं. महाराष्ट्रीय कलोपासकांची पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात एक तासाच्या एकांकिकेसाठी अख्खं कॉलेज दोन महिने राबतं. लेखन, सेट, संगीत सगळं पोरंच करतात. पुढे फिरोदिया, सवाई, राज्य नाट्य अशा बाकीच्या स्पर्धा. या शाळेला फी नाही.

डॉ. लागू नाक-कान-घशाचे डॉक्टर होते, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. नाटकाच्या पदवीवाचून त्यांचं काही अडलं नाही. हातात दुसरी पदवी असू द्या, नाटक कुठे पळून जात नाही.

नांदेडकर

+१. निदान बी.एड. तरी करून ठेवावं.

उजेडवाला

ताई, मी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातून नाटकात पदवी घेतली, आता प्रकाशयोजना करतो. जरा लांब लिहितोय.

आधी लागू-पटेल-आगाशेंबद्दल. हे तिघं डॉक्टर होते हे खरं, पण नाटक ते शिकलेच नाहीत असं म्हणता येणार नाही. भालबा केळकरांची पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) ही नाट्यसंस्था त्यांची शाळा होती. तिथे वर्षानुवर्षं तालमी केल्या, मोठ्यांचं पाहिलं, चुका दुरुस्त करून घेतल्या. पुढे १९७३ ला थिएटर अकॅडमी निघाली ती त्याच मुशीतून बाहेर पडलेल्या लोकांची. आणि लागूंनी शेवटी दवाखाना सोडूनच पूर्णवेळ रंगभूमी धरली. त्या काळी संस्थाच माणूस घडवत. आज रोज संध्याकाळी जमणाऱ्या आणि नवख्याला पाच-सात वर्षं सांभाळून घेणाऱ्या संस्था किती उरल्यात? विद्यापीठातले विभाग वाढले ते या पोकळीतून, असं मला वाटतं.

ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झालं. नाटककार सतीश आळेकर १९९६ ते २००९ तिथे प्रमुख होते आणि आजच्या विभागावरही त्या काळाचा ठसा आहे. नाटक, संगीत आणि नृत्य एकाच आवारात शिकवतात, याचा फायदा फार मोठा असतो. शेजारच्या खोलीत कुणी पखवाज लावतंय, पलीकडे भरतनाट्यमचा वर्ग चाललाय, आणि तुम्ही अंगणमंचावर, म्हणजे आवारातल्या उघड्या रंगमंचावर, झाडलोट करून तालमीची जागा आखताय. तीन वर्षं कानावर आणि डोळ्यांवर हे पडत राहतं.

शिकवतात काय? सकाळी शरीर आणि आवाज. योग, कसरत, हालचाल, श्वास. बोलण्याच्या वर्गात आम्हाला एकच वाक्य कुजबुजत म्हणायला लावत आणि ते शेवटच्या ओळीतल्या माणसाला कळलं पाहिजे अशी अट असे. घसा ताणला की सर थांबवत, पोटावर हात ठेवायला लावत आणि पुन्हा पहिल्यापासून. हे महिनोन्महिने चालतं. मग तासाचे विषय: भरताचं नाट्यशास्त्र, संगीत नाटकाचा इतिहास, तमाशा आणि दशावतार, ग्रीक नाटक, स्तानिस्लाव्हस्की, ब्रेश्ट. नाटक वाचायचं कसं, हे मला तिथेच कळलं. तोवर मी फक्त माझी वाक्यं अधोरेखित करायचो. संध्याकाळी तालीम, आणि सत्राच्या शेवटी प्रस्तुती.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. प्रस्तुती म्हटली की विभागातल्या प्रत्येकाला भूमिका मिळत नाही. कुणाकडे नेपथ्य येतं, कुणाकडे वेशभूषा, कुणाकडे रंगमंच व्यवस्था. मी गेलो होतो नट व्हायला. पहिल्या मोठ्या नाटकात माझ्याकडे लाइट आले. शिडीवर चढून पारकॅन (डब्यासारखे दिवे) बांधायचे, त्यांवर जिलेटिनचा रंगीत कागद कापून लावायचा, खाली उतरून बघायचं. नट ठरलेल्या खुणेवर उभा असला की चेहरा नीट दिसे. तो एक पाऊल पुढे आला की कपाळ चमके आणि डोळे खड्ड्यात जात. म्हणजे वाक्य ऐकू येतंय, पण माणूस काय विचार करतोय ते दिसत नाही. मग दिवा पुन्हा हलवायचा, कोन कमी करायचा, समोरून थोडा भरीचा उजेड द्यायचा. त्या एका पावलासाठी आम्ही रात्री उशिरापर्यंत झगडलो. दुसऱ्या दिवशी प्रयोगात नट पुढे आला, डोळे दिसले, आणि मला हेच काम करायचंय हे पक्कं झालं. बी.कॉम. करून स्पर्धेच्या नाटकात उतरलो असतो तर मी आजही भूमिकांसाठी फोन करत बसलो असतो.

म्हणून ताई, विभाग निवडताना 'इथून कोण स्टार झालं' हे विचारू नका. मुक्ता बर्वे आमच्याच केंद्रातल्या, त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण मुलीचं पुढचं आयुष्य ठरेल ते वेगळ्या गोष्टींवरून. वर्षाला किती प्रस्तुती होतात, विद्यार्थ्यांच्या हाताने होतात का, बाहेरचे दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ येऊन शिकवतात का, दिवे, ध्वनीचा मिक्सर, रंगमंचावरचे लेव्हल (चौथरे) विद्यार्थ्यांना हाताळायला मिळतात का की कपाटात कुलूपबंद असतात. हे विचारा.

पोटापाण्याचं उद्या लिहितो. आज नाटकाची बस रात्री निघतेय.

गोदाकाठची_आई

उजेडवाला दादा, मनापासून आभार. वाचून लेक दोनदा म्हणाली, 'कुजबुजायचा वर्ग' आपण घरी करून बघू. उद्याची वाट बघते.

तिसरी_घंटा

पीडीएचा मुद्दा मान्य. पण स्पर्धेतली पोरंही दिवे लावतातच की. आणि पदवीचा खर्च तर येतोच, शिवाय तीन वर्षं दुसरं काही शिकत नाही त्याचं काय?

कपडेपट

मी मुलगी म्हणून याच शिक्षणातून गेलेय, आता वेशभूषा करते. ताईंनी न विचारलेलं पण मनात असणारच ते आधी लिहिते. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. मुलं-मुली एकत्र काम करतात, अंगाला अंग लागतं, एकमेकांना उचलून घ्यावं लागतं, वर्गात रडणंही होतं. चांगला शिक्षक आधी सांगतो, आज काय करणार, कुणाला जमणार नसेल तर बाजूला बसा. जो 'कलाकाराला लाज नसते' असं म्हणत दडपण आणतो त्याच्यापासून दूर राहायचं, तो कितीही मोठा असो. २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असतेच. तिच्या सदस्यांची नावं आणि नंबर सूचनाफलकावर कुठे लावलेत, हे पहिल्याच आठवड्यात बघून ठेवायला मुलीला सांगा. रात्री वसतिगृहात परतायच्या वेळेसाठी विभागाकडून तालमीचं पत्र मिळतं का, तेही विचारा. आमच्या वेळी ते पत्र रेक्टरबाईंना दिलं की काम होत असे.

बाकी शिक्षणाबद्दल उजेडवाल्याशी शंभर टक्के सहमत. मलाही कात्री हातात घेतल्यावरच माझी जागा सापडली.

उजेडवाला

कालचं पुढे.

व्यावसायिक रंगभूमीवर नटाला आणि तंत्रज्ञाला महिन्याचा पगार नसतो, नाईट असते. म्हणजे प्रयोगामागे ठरलेले पैसे. प्रयोग झाला तर नाईट, रद्द झाला तर काही नाही. प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी. पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत, निवडणुकीत प्रयोग घटतात. नवख्या नटाला मिळणाऱ्या नाईटमध्ये मुंबई-पुण्यात खोलीचं भाडं आणि डबा दोन्ही भागत नाहीत. हे पहिल्या दिवशीच मुलीला सांगून टाका. प्रायोगिक नाटकात तर बऱ्याचदा प्रवासखर्चच मिळतो.

प्रकाशयोजना, नेपथ्य, ध्वनी यांत फरक असा की एकाच वेळी दोन-तीन नाटकं हातात असू शकतात. आराखड्याचे पैसे वेगळे, चालवायची नाईट वेगळी. शिवाय तेच कौशल्य नृत्याच्या कार्यक्रमांना, शाळांच्या संमेलनांना, संग्रहालयांना, कंपन्यांच्या समारंभांना लागतं. माझं वर्षाचं गणित नाटकावर निम्मं आणि या बाकीच्या कामांवर निम्मं बसतं. कुणाला हे कमीपणाचं वाटतं. मला नाही वाटत. शाळेच्या संमेलनातही पोराचे डोळे दिसलेच पाहिजेत.

मार्च २०२० ला नाट्यगृहं बंद झाली आणि मधले थोडे महिने वगळता ऑक्टोबर २०२१ पर्यंत आमचं काम थांबलं. त्या काळात माझ्या बॅचमधले जे तरले ते शिकवणारे, लिहिणारे, आवाजाचं काम घरून करणारे होते. फक्त नट असलेल्यांनी सामान विकलेलं मी पाहिलंय. तिसरी_घंटा, 'दुसरं काही शिकत नाही' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच की चांगल्या विभागात नाटकाच्या आतच चार दुसऱ्या गोष्टी शिकता येतात. फक्त मुलाने त्या मन लावून शिकायला हव्यात, भूमिका मिळाली नाही म्हणून रुसून बसायचं नाही.

खडू_फळा

मी मुंबईत एका शाळेत नाटक शिकवते. ताई, तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून हे तुम्हाला लगेच पटेल.

आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळांत नाटक हा परीक्षेचा विषय असतो. त्यांना नाट्यशास्त्राची पदवी असलेला माणूस लागतो आणि बी.एड. असेल तर फारच बरं. इतर मोठ्या शाळांतही आता ड्रामा टीचर असतो. महिन्याच्या महिन्याला पगार, मे महिन्याची सुट्टी, आणि संध्याकाळ आपल्या नाटकाला मोकळी. माझ्या ओळखीतले कितीतरी चांगले दिग्दर्शक दिवसा शाळेत असतात.

पण ही नोकरी संमेलन बसवायची नाही. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता, वर्षभर तोंडातून शब्द नाही. त्याला मी संवाद दिलाच नाही. 'तू पोस्टमन, पिशवी जड आहे, ऊन आहे, तिसऱ्या मजल्यावर जायचंय' एवढंच सांगितलं. तो खांदा वाकवून चालायला लागला, मध्येच थांबला, घाम पुसला, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. वर्ग गप्प झाला. दारावर टकटक केल्यावर आतल्या मुलीने विचारलं, कोण आहे? आणि त्याच्या तोंडून निघालं, 'पत्र'. हे घडवायला नाटकाचं शिक्षण लागतं. कोणता खेळ केव्हा द्यायचा, कुठे थांबायचं, मुलाला उघडं पाडायचं नाही, याचं शास्त्र आहे.

राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये शिक्षणातल्या रंगभूमीसाठी वेगळी तुकडी सुरू केली, 'संस्कार रंग टोली'. त्यांचं आगरतळा केंद्र याच विषयाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम चालवतं. पुण्यात तर १९८६ पासून ग्रिप्सची नाटकं होतायत, मोठ्या नटांनी मुलांच्या भूमिका करून मुलांचे खरे प्रश्न मांडणारी. तुमच्या लेकीला मुलांमध्ये रमायला आवडत असेल तर हा रस्ता डोळ्यांसमोर ठेवा.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. इथे शाळांमधून थिएटर आर्ट विषय शिकवतात आणि त्यासाठी शिक्षक नेमतात. त्यामुळे पणजीच्या कला अकादमीच्या नाट्यविद्यालयातून शिकलेली बरीच मुलं शाळांत लागली. त्याचा परिणाम गावच्या जत्रेतल्या नाटकावरही दिसतो. पूर्वी हौशी मंडळात दिग्दर्शक बाहेरून आणावा लागे, आता गावातल्या शाळेचा सरच तालीम घेतो, आणि नीट घेतो. महाराष्ट्र सरकारने हे करायला काय हरकत आहे? एवढी मोठी नाट्यपरंपरा सांगता, मग शाळेत नाटकाचा मास्तर का नको?

खडू_फळा

मांडवीकाठ, अगदी मनातलं बोललात. चित्रकलेला शिक्षक असतो तसा नाटकाला हवा, जिल्हा परिषदेच्या शाळेतसुद्धा.

संदर्भखण

माझी पीएच.डी. चालू आहे, म्हणून शिक्षण क्षेत्राची बाजू. यूजीसी नेट या प्राध्यापक पात्रता परीक्षेत 'नृत्य / नाटक / रंगभूमी' हा स्वतंत्र विषय आहे. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा आपली राज्याची सेट असली की सहायक प्राध्यापकपदासाठी पात्रता येते. नेटमध्ये वरच्या क्रमांकाने कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. संशोधनाच्या काळात घर चालतं. मात्र कायम जागा फार कमी निघतात. माझे बरेच सहकारी तासिका तत्त्वावर आहेत आणि त्यांचे पैसे सत्र संपल्यावर कधीतरी येतात.

केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूकडे शिकण्यासाठी. नाटकवाल्यांपैकी बरेच जण अर्जच करत नाहीत, कारण त्यांना वाटतं ही फक्त गाण्या-नाचाला असते. नाटकालाही असते. पंचविशीनंतर कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे, महिना १०,००० रुपये, तीही दोन वर्षं.

विभागांबद्दल: बारावीनंतर पुणे. परभणी नांदेडच्या विद्यापीठाखाली येतं आणि तिथे ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, ते आधी जाऊन बघा, घराजवळ आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग जुना आणि नावाजलेला. मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी पदवीनंतरची, कालिन्याच्या आवारात, दिग्दर्शक वामन केंद्रे यांनी उभी केलेली. तिथेच लोककला अकादमी आहे. महाराष्ट्राबाहेर बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हैदराबाद विद्यापीठ हे दोन्ही मराठी मुलांना जवळचे.

खडकाळ_रान

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ते १९५९ ला सुरू झालं, आणि दिग्दर्शक इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ तिथे संचालक होते, तेव्हा शिस्तीचा पाया घातला गेला. तीन वर्षांची पदविका आहे. बारावीनंतर थेट जाता येत नाही. कुठल्याही विषयाची पदवी आणि निदान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा लागतो. म्हणून आत्तापासून प्रत्येक नाटकाची पत्रिका, प्रमाणपत्र, फोटो जपून ठेवा. देशभरातून तीसेक मुलं घेतात, निवड झालेल्या प्रत्येकाला शिष्यवृत्ती मिळते. आधी शहराशहरांत चाचणी, मग दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा. तिथे तुमचं पाठांतर कुणी बघत नाही. दिलेली सूचना घेऊन तुम्ही किती बदलता ते बघतात.

रोहिणी हट्टंगडी, अमृता सुभाष तिथूनच शिकलेल्या. आणि वामन केंद्रे बीड जिल्ह्यातल्या गावातून तिथे गेले, पुढे २०१३ ते २०१८ त्याच विद्यालयाचे संचालक झाले. परभणीहून दिल्ली लांब आहे, पण आपल्याकडचा माणूस तिथे पोहोचलाय हे लेकीला जरूर सांगा.

हिशेबनीस

मी कलाकारांचे कर भरतो, मालिकांच्या जगाशी रोजचा संबंध. नाटक शिकलेली बहुतेक मुलं पाच-सात वर्षांत मालिकेकडे येतात, म्हणून तिथलं वास्तव सांगतो. मालिकेत पैसे दिवसावर ठरतात. महिन्यात किती दिवस बोलावतील याची हमी छोट्या भूमिकेला नसते. केलेल्या कामाचे पैसे साधारण तीन महिन्यांनी हातात पडतात. म्हणजे पहिली मालिका मिळाली तरी पहिले ९० दिवस जवळच्या पैशांवर काढावे लागतात. माझ्याकडे येणाऱ्या एका तरुण नटाचे पाच महिन्यांचे पैसे एका निर्मात्याने बुडवले, कारण करार कागदावर नव्हता, फोनवर ठरलं होतं.

तेव्हा पहिल्या कामापासून करारपत्र मागायचं. मानधनातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, तो विवरणपत्र भरून बहुतेक नवख्यांना परत मिळतो. पण मुलं विवरणपत्र भरतच नाहीत आणि तिथेच पैसे सोडून देतात. शिवाय तीन-चार वर्षांची विवरणपत्रं नसली की घरासाठी कर्ज मागताना बँक दारात उभी करत नाही. हे विद्यापीठात कुणी शिकवत नाही. शिकवलं पाहिजे.

थेम्सकाठी

लंडनहून. एका वाटेबद्दल लिहिते. इथे नाट्योपचार हा मान्यताप्राप्त आरोग्य व्यवसाय आहे. पदव्युत्तर शिक्षण आणि नोंदणी असल्याशिवाय स्वतःला नाट्योपचारक म्हणवता येत नाही. रुग्णालयांत, खास गरजा असलेल्या मुलांच्या शाळांत, वृद्धाश्रमांत हे लोक काम करतात. माझ्या शेजारणीचा स्मृतिभ्रंश झालेला नवरा आठवड्यातून एकदा अशा गटात जातो. भारतात अशी नोंदणी नाही, पण मानसशास्त्र आणि नाटक अशी सांगड घालणाऱ्या मुलीला पुढे जगभर दारं उघडी आहेत.

अर्धविराम

नमस्कार. मी या धाग्यातली लेक. आईच्या फोनवरून सगळं वाचलं, आता स्वतःचं खातं काढलं. मला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. माझं बोलणं परभणीचं आहे. 'काय करायलीस', 'मी जायलेय' असंच तोंडात येतं. पुण्यात प्रवेशाच्या वेळी याने अडचण येईल का? आणि दोन-तीन मिनिटांचं स्वगत करायला सांगतात म्हणे, ते कसं निवडू?

खडकाळ_रान

अर्धविराम, मी परभणीजवळचाच. प्रमाण मराठी स्वच्छ बोलता यायला हवी, कारण बहुतेक नाटकं त्या भाषेत आहेत. 'न' आणि 'ण', 'श' आणि 'ष', 'च'चे दोन उच्चार, यांचा रोज मोठ्याने वाचून सराव कर. वर्तमानपत्राचा अग्रलेख घे, दहा मिनिटं पुरेत. पण घरची बोली मुद्दाम पुसू नकोस. मला पहिलं चांगलं काम मिळालं ते मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचं, आणि मिळालं ते त्या बोलीमुळे. तिथल्या पुणेकर मुलांना ते महिनाभर घोटूनही जमत नव्हतं. आजीशी आहे तसंच बोलत राहा. ती कुठे आवाज चढवते, कुठे वाक्य अर्धं सोडते ते ऐकून ठेव.

कपडेपट

स्वगताबद्दल मी सांगते. प्रवेशाच्या वेळी मी विभागात मदतीला बसायचे, तिथे पाहिलेलं. दहापैकी सात मुली वेडाचा, सूडाचा किंवा मरणाचा प्रसंग घेऊन येतात आणि पहिल्या वाक्यालाच ओरडतात. वर चढून बसल्यावर पुढे जायला जागा राहत नाही. तुझ्या वयाच्या आसपासचं पात्र घे. अख्खं नाटक वाच, नुसतं ते पान नको, कारण परीक्षक हमखास विचारतात, 'याच्या आधी काय घडलंय?' त्या पात्राला समोरच्याकडून नेमकं काय हवंय ते एका वाक्यात लिहून काढ. समोरचा माणूस कुठे उभा आहे ते ठरव आणि नजर तिथेच ठेव. परीक्षकांच्या डोळ्यांत बघून बोलू नकोस. इंटरनेटवर त्या स्वगताचे व्हिडिओ बघू नकोस, दुसऱ्याचे हातवारे अंगाला चिकटतात.

मध्येच थांबवून ते सांगतील, 'हेच आता हसत कर' किंवा 'हेच भाजी निवडताना कर.' घाबरायचं नाही. तू ऐकतेस का आणि बदलतेस का, ते पाहायचं असतं. घरी आत्ताच तीन-चार वेगवेगळ्या कामांसोबत म्हणून बघ. कपडे साधे, ज्यात खाली बसता-उठता येईल असे. सलवार-कमीज असेल तर ओढणी घट्ट बांध.

तिसरी_घंटा

अर्धविराम, माझं मत वर लिहिलंय, त्यातलं अर्धं अजून तसंच आहे. प्रवेश मिळाला तर जरूर घे. पण पुण्यात आलीस की ऑगस्टमध्ये भरतला ये आणि पुरुषोत्तमच्या फेऱ्या सगळ्या बघ. विभागातल्या मुलांनी स्पर्धांकडे नाक मुरडायचं आणि स्पर्धेतल्यांनी विभागाला नावं ठेवायची, ही रीत मला आवडत नाही. दोन्हीकडचं घे.

अर्धविराम

सगळ्यांचे खूप आभार. दादा, ऑगस्टमध्ये नक्की येणार. कपडेपट ताई, आज ज्वारी निवडताना स्वगत म्हणून बघितलं, दोन वाक्यं पूर्ण वेगळी यायला लागली. मधला भाग अजून पाठ केल्यासारखाच वाटतोय.

कपडेपट

मधला भाग तसाच असतो. तिथे पात्राचं मन कुठे बदलतं ती जागा शोध आणि त्या आधी श्वास घे. सापडलं नाही तर त्या नाटकाचं नाव मला निरोपात पाठव, आपण फोनवर करू.

उजेडवाला

ताई, वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जापेक्षा वेगळा असतो आणि जागा लवकर भरतात, दोन्ही एकाच वेळी भरा. जातीचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला जे लागू असेल ते बारावीच्या निकालाआधीच काढून ठेवा. आणि मुलीला घेऊन सत्राच्या शेवटच्या प्रस्तुतींना या, त्या बाहेरच्यांनाही बघता येतात. नाटक संपलं की लगेच निघू नका. मुलं सेट काढत असतील, त्यांच्याशी बोला. मी पुण्यात असलो तर शिडी धरायला येतोच.